दोन्ही रजिस्टरांवर शेषेराव सर

हिमायतनगरहून इस्लापूरकडे जाताना वाटेत एक बाजारगाव लागतं. तिथल्या कॉलेजात शेषेराव सर राज्यशास्त्र शिकवतात. एकोणीस वर्षं झाली, आणि एकोणीसच्या एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितका पगार, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पगारही नाही. सरांचे केस पांढरे झाले, सेट झाली, पीएच.डी. झाली, पोरगी बारावीला लातूरला गेली, पण त्यांच्या नावापुढचा ‘तात्पुरते’ हा शब्द काही हलला नाही. दर जूनला ते नव्यानं अर्ज करतात आणि दर जूनला मुलाखतीत त्यांना विचारलं जातं, ‘‘आपला परिचय करून द्या.’’ विचारणारा बहुधा त्यांचाच जुना विद्यार्थी असतो. सरही शांतपणे परिचय करून देतात.

सरांचा हातखंडा विषय म्हणजे भारताचं परराष्ट्र धोरण. गावाला कॉलेजपेक्षा त्याची गरज जास्त. सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात सर दिसले की कोणीतरी विचारतंच, ‘‘सर, अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के लावलं म्हणं. आता कसं?’’

‘‘आपण रशियाचं तेल घेऊन राहिलो म्हणून राग हाय त्यांना,’’ सर सांगायचे. ‘‘पर तेल न्हाई घेतलं तर तुझ्या टमटममदी काय पाणी टाकतू का? मोठ्या लोकाच्या भांडणात आपलं घर चालवायचं, याला धोरण म्हणतेत.’’

लोक माना डोलवायचे. मग एखादा म्हणायचा, ‘‘ते समदं ठीक हाय सर, पर सोयाबीन इकावं का ठेवावं?’’ एवढं मात्र सरांना सांगता यायचं नाही.

संस्था दोघांची. अध्यक्ष भगवानराव आणि सचिव श्रीमंतराव. श्रीमंतराव म्हणजे भगवानरावांच्या बायकोचे, रुक्मिणबाईंचे, सख्खे भाऊ. सहा वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या तिकिटावरून मेहुण्या-मेहुण्यात जुंपली ती जुंपलीच. तेव्हापासून एक या पक्षात तर दुसरा त्या पक्षात. दर निवडणुकीला दोघंही पक्ष बदलायचे, पण चुकूनसुद्धा एका पक्षात यायचे नाहीत. स्टाफरूममध्ये चहाच्या दोन किटल्या झाल्या. अध्यक्षांची माणसं खिडकीकडं बसायची, सचिवांची दाराकडं, आणि शेषेराव सर मधल्या टेबलावर घरून आणलेलं पाणी प्यायचे.

सरांना याचा अभिमान होता, आता खोटं कशाला सांगा. आपण अलिप्ततावाद नुसता शिकवत नाही, जगतो, असं ते बायकोला सांगायचे. सिंधुताई अंगणवाडीत मदतनीस. पन्नास पोरांची खिचडी शिजवून आलेल्या बाईला असल्या गोष्टींचं कौतुक कुठून असणार? ‘‘तुमच्या जगण्यानं काय झालं?’’ त्या म्हणायच्या. ‘‘अध्यक्ष म्हणतेत तुमी सचिवाचे, सचिव म्हणतेत तुमी अध्यक्षाचे. निदान एकाचे तरी असता तर कवाच पर्मनंट झाले असता.’’

त्यात यंदा राज्यशास्त्राची एक कायमची जागा मंजूर झाली. सर बावन्न वर्षांचे. पुन्हा अशी जागा निघेपर्यंत त्यांच्या निवृत्तीचं वय उलटून जाणार, हे शिपायालाही कळत होतं. त्या दिवसापासून सरांची झोप गेली. जागा भरणार संस्था, आणि संस्था नेमकी कोणाची, याचाच निकाल नांदेडला धर्मादाय कार्यालयात लागायचा होता. दोघांनीही आपापली सभा घेतल्याचं दाखवून आपापलं कार्यकारी मंडळ निवडून टाकलं होतं. सर संस्थेचे जुने सभासद. त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या सहीला किंमत आली.

त्याच आठवड्यात वर्गात तो धडा सुरू होता. सरांनी फळ्यावर लिहिलं : अलिप्ततेकडून सर्वांशी संबंधांकडे. मग ते समजावू लागले. आता जग दोघांचं राहिलं नाही. अमेरिका घसरते म्हणावं तर घसरत नाही, चीन चढतो तो थांबत नाही, रशिया लढून लढून थकला तरी मागे हटत नाही. अशा वेळी आपण लांब बसून चालत नाही. तेल एकाकडून, विमानं दुसऱ्याकडून, व्यापार तिसऱ्याशी. सगळ्यांच्या पंगतीला बसायचं आणि कोणाचंच मिंधं व्हायचं नाही.

राजकन्या नावाची एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिच्या घरी चार एकर कापूस. तिनं विचारलं, ‘‘सर, अमेरिकेशी भांडण चालू असताना इकडं बाहेरच्या कापसावरचं आयातशुल्क सरकारनं काढून टाकलं. ते कोणासाठी मग?’’

‘‘सूतगिरण्यांसाठी. परराष्ट्र धोरण घरातल्या राजकारणातूनच निघतं, बेटा. घरात ज्याचा आवाज मोठा, त्याचं आधी ऐकलं जातं.’’

‘‘आन् देशाकडं येवढी मोठी बाजारपेठ हाय म्हणून समदे त्याला संभाळून घेतेत. ज्याच्याकडं कायीच न्हाई, त्यानं समद्यांच्या पंगतीला बसावं का?’’

वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, हा प्रश्न परीक्षेला येत नाही. खरं तर त्यांनी त्या पोरीचं ऐकायला हवं होतं. पण मास्तर लोकांचं असंच असतं. विद्यार्थ्याच्या प्रश्नात आपलं भलं असेल, हे त्यांच्या गावीही नसतं.

दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी सरांना बोलावलं. पुढ्यात प्रोसिडिंग रजिस्टर होतं. दहा ऑगस्ट, सकाळी अकरा, कॉलेजचं सभागृह. सभा झालीच नव्हती, पण नावं आणि ठराव सगळं तयार होतं. ‘‘सर, हजर म्हणून सही करा. जागेचं आपण बघू.’’ सरांनी सही केली.

चार दिवसांनी श्रीमंतरावांनी आपल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर तिथंही रजिस्टर निघालं. ‘‘तुमी न्हाई म्हणलात तर मी समजून घेतो तुमी कोणाचे,’’ श्रीमंतराव म्हणाले. नाही म्हणावं तर इकडची दारं बंद, आणि निकाल यांच्याच बाजूनं लागला तर? सरांना फळ्यावरचा धडा आठवला. जे दिल्लीला जमतं ते आपल्याला एवढ्याशा गावात का जमू नये? त्यांनी चष्मा पुसला आणि तिथंही सही ठोकली. तारीख आणि वेळ बघायची राहून गेली. बिनझालेल्या सभेला हजर राहायची आपल्याकडं इतकी सवय आहे की तारीख कोण बघतो?

नांदेडच्या तारखेला सरांना साक्षीला उभं केलं. श्रीमंतरावांच्या वकिलानं अध्यक्षांचं रजिस्टर उघडून विचारलं, ‘‘दहा ऑगस्टला सकाळी अकराला आपण कॉलेजच्या सभागृहात होतात?’’

‘‘हो.’’

लगेच भगवानरावांच्या वकिलानं दुसरं रजिस्टर पुढं सरकवलं. ‘‘आणि त्याच दिवशी, त्याच वेळी श्रीमंतरावांच्या आखाड्यावर?’’

कॉलेजपासून तीस किलोमीटरवर आहे तो आखाडा.

‘‘सही आपलीच ना, सर?’’

‘‘माझीच.’’

मागं कोणीतरी फिसकन हसलं. खरं सांगायचं तर दहा ऑगस्टला अकराच्या सुमारास सर लातूरला पोरीच्या खोलीवर, तिसऱ्या मजल्यावर गॅसची टाकी चढवत होते. पण हे त्यांना कोणी विचारलंच नाही. दोन्ही वकिलांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनीही पुढची तारीख मागितली. एका सहीनं दोन्ही रजिस्टरं खोटी ठरत होती, आणि खोटं रजिस्टर म्हणजे फौजदारी. हे सरांच्या आधी त्यांच्या ध्यानात आलं.

त्यानंतर सर पंधरा दिवस घर ते कॉलेज एवढेच फिरले. स्टँडवर गेले नाहीत. तिकडं कोणा देशाशी व्यापाराची बोलणी पुन्हा सुरू झाली असती तरी त्यांना पत्ता लागला नसता. कोणत्याही क्षणी एक ना एक मेहुणा अंगावर येईल, अशी त्यांची खात्री होती. पण कोणीच आलं नाही. उलट एक दिवस खिडकीची किटली दाराकडच्या टेबलावर दिसली.

झालं होतं असं. दोघांनाही तुरुंग दिसायला लागल्यावर रुक्मिणबाई मध्ये पडल्या. ‘‘तुमच्या भांडणात माझं माहेर सहा साल बंद हाय,’’ त्या नवऱ्याला म्हणाल्या. ‘‘आता गुमान मिटवा. माउलीला मामाचीच पोरगी करा.’’ माउली हा भगवानरावांचा धाकटा मुलगा. मामाची पोरगी करायची आपल्याकडं रीतच आहे, त्यामुळं कोणाला कमीपणा घ्यावा लागला नाही. चार बैठकांत सोयरीक पक्की झाली आणि दोन्ही दावे मागे घेण्याचं ठरलं.

साखरपुड्याला सरांना सिंधुताईंसह आग्रहाचं बोलावणं आलं. मंडपात दोन्ही गटांची माणसं शेजारी शेजारी बसून बुंदी खात होती. भगवानरावांनी माईकवरून सरांना पुढं बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, ‘‘सर नसते तर आमी दोघं अजून कोर्टातच असतो. हे नातं सरांच्या सहीनं जुळलंय.’’ टाळ्या पडल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा दोन्हीकडच्या टाळ्या एका वेळी पडत होत्या.

मग नवरी पाया पडली. श्रीमंतरावांची मुलगी पुनम. एम.ए.ला ती सरांकडंच होती. ‘‘सर, तुमच्याच नोट्सवर माझी नेट निघाली,’’ ती म्हणाली. ती मनापासून म्हणत होती. पोरगी खरोखरच हुशार होती, आणि सरांना तिचा राग येईना, हेच त्यांना सोसवेना. विषय राज्यशास्त्र. जागा एक. सोयरिकीत काय काय ठरलं असेल, ते त्यांना न विचारता कळलं. एकोणीस वर्षं ज्या खुर्चीकडं बघत काढली, ती आहेरात गेली होती. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ असतो, असं त्यांनी दर वर्षी शिकवलं. दोघांचं जुळलं की तिसऱ्याचं काय होतं, हे मात्र पुस्तकात कुठंच नव्हतं.

निघताना भगवानरावांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. हळूच दोन वाक्यं बोलले आणि पाहुण्यांकडं वळले.

परतताना स्कूटरवर सिंधुताई नारळ मांडीवर धरून मागे बसल्या होत्या. नाल्याच्या पुलावर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘काय म्हणले अध्यक्ष?’’

‘‘म्हणले, पुनमबाई नव्या हायेत. पयल्या साली तिचे तास तुमीच घ्या, तासिकेवर. तिला जरा शिकवा.’’

‘‘आन् तुमी काय म्हणले?’’

सरांनी गिअर बदलला. ‘‘हाव म्हणलो,’’ ते म्हणाले.