वाटा नसता तर

आश्विनातल्या सकाळी आमच्या किनाऱ्यावर ओल्या दोरांचा, ताज्या बांगड्यांचा आणि उन्हाने हळूहळू कोरड्या होणाऱ्या वाळूचा मिळून एक वास दरवळतो, आणि तो आला की माझे पाय आपोआप समुद्राकडे वळतात. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, हाक उठली की चुलीवरचा भात अर्धा शिजलेला टाकून आमची वाडी धावते. जाळं कुणाचं, कालचं भांडण कुणाशी, हे तेव्हा कुणी विचारत नाही. ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा, मग तो वाटसरू का असेना.

त्या वर्षी शेजारच्या पास्कूबाईची बहीण सिस्टर लूसी सुट्टीवर आली होती. ती रवांडात परिचारिका. सोबत बेआता नावाची तिथलीच उंच, सावळी मुलगी होती. बेआता लहान असताना तिच्या देशात माणसं माणसांना शोधून शोधून मारत होती. बाहेरच्या देशांचे सैनिक ट्रक घेऊन आले, परक्या देशांच्या लोकांना, सिस्टरलाही, घेऊन गेले, आणि फाटकाशी हाका मारणारे तिथले लोक तसेच मागे राहिले. त्यांत बेआताच्या घरची सगळी माणसं मारली गेली. मोठ्या देशांनी नंतर पुष्कळ कारणं दिली, असं सिस्टर म्हणाली. मला त्यांतलं एकही समजलं नाही.

त्या सकाळी बेआताही दोराला लागली. लाट आली आणि ती गुडघ्यांवर बसली.

"अगो, दोर ओढतंस की दोराक नमस्कार करतंस?" वाडीतल्या पारूवैनीने टोमणा मारला. सिस्टरने अर्थ सांगताच सगळ्यांच्या आधी बेआताच खळखळून हसली.

जाळं चांदीसारखं लखलखत वर आलं. रापणीचे म्होरके जानूभाऊ यांनी तिच्यापुढे बांगड्यांचा वाटा ठेवला. ती मात्र तो उचलेना. तिने काहीतरी विचारलं आणि सिस्टरने खाली बघत ते आम्हाला सांगितलं: वाटा मिळणार नसता, तरी तुम्ही हाकेला धावला असतात का?

जानूभाऊंनी डोक्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं.

"खरां सांगू गो बाये? माका म्हायत नाय."

सिस्टरने ते सांगितल्यावर बेआताने वाकून बांगडे ओढणीत घेतले. आजवर जिथे जिथे तिने असा प्रश्न विचारला तिथे प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं, असं सिस्टर मला हळूच म्हणाली.

ऊन चढलं होतं. मागे पारूवैनी पुन्हा कुणाची तरी थट्टा करत होती. डोक्यावरच्या पाटीत माझा वाटा होता. तो नसता तर, असं मी मनाशी विचारलं, आणि घरची वाट मी त्या दिवशी जरा हळू चालले.