सरांना मानवणारा चेंडू

क्लबातले लोक तिला वहिनी म्हणायचे, कारण तिच्या नवऱ्याला ते पाणबुड्या म्हणायचे. खरी नावं विचारायची वेळ एकोणीस वर्षांत कुणावर आली नाही. गोल्फच्या त्या मैदानावर सातव्या होलच्या अलीकडे एक तळं होतं. खेळणाऱ्याला चेंडू पाण्यावरून पलीकडे मारावा लागे, आणि निम्म्याहून अधिक लोकांना ते साधत नसे. पाणबुड्या रबरी पोशाख चढवून तळाशी जायचा आणि बुडालेले चेंडू वर काढायचा. वहिनी ते धुवायची, निवडायची आणि काठावरच्या टेबलावर मांडून विकायची. घर त्यावर चालायचं.

आधी तो पालिकेच्या तलावावर पोहायला शिकवत असे. लग्न ठरताना मुलगा काय करतो असं तिच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा मध्यस्थ काकांनी ‘पाण्यात असतो’ एवढंच सांगितलं. मुलगा बोटीवर आहे, परदेशात जाऊन येतो, अशी वडिलांची समजूत झाली आणि ती दूर होईपर्यंत साखरपुडा उरकला होता. पुढे तलावाच्या भिंतीला तडा गेला. दुरुस्ती आज करू उद्या करू करता करता राहूनच गेली, आणि रिकाम्या तलावाच्या आवारात लोक गाड्या लावू लागले. पाणबुड्याने दोन-तीन नोकऱ्या करून पाहिल्या. कोरड्या जमिनीवर त्याचं कुठेच बस्तान बसेना. मग क्लबाच्या तळ्याचं काम मिळालं.

काम दिसायला सोपं होतं. काठावर हवेचं यंत्र चालू ठेवायचं आणि त्याची लांब नळी तोंडात धरून खाली उतरायचं. खाली काहीच दिसत नाही. डोळे मिटून पीठ चाळावं तसा चिखल बोटांनी चाचपायचा, गोल लागलं की कमरेच्या जाळीच्या पिशवीत टाकायचं. वहिनी यंत्राजवळ बसून पाण्यावरच्या बुडबुड्यांवर नजर ठेवायची. बुडबुडे सरकताहेत तोवर नवरा सरकतोय.

पहिली दोन वर्षं तिला सगळे चेंडू सारखेच वाटायचे, पांढरे आणि खड्ड्याखड्ड्यांचे. मग एकदा क्लबाच्या प्रशिक्षकाने गंमत म्हणून दोन चेंडू करवतीने मधोमध कापून तिच्यापुढे ठेवले. एकात नुसता मोठा रबरी गाभा आणि वर टणक कवच. दुसऱ्यात गाभा, त्यावर आणखी थर, आणि सगळ्यात वर फळाच्या सालीसारखी मऊ कातडी. हा दुसरा महाग. तो काठीच्या टोल्याने जास्त फिरकी घेतो, म्हणून कसलेला खेळाडू त्याला हवा तिथे थांबवू शकतो. पण ज्याचा हातच वाकडा पडतो, त्याची वाकडी फिरकीही हा चेंडू तितक्याच इमानाने वाढवतो. स्वस्तातला टणक चेंडू फारशी कला दाखवत नाही, पण निदान नाकासमोर जातो.

प्रशिक्षकाने सांगितलं ते तळ्याने तिला दाखवलं. उजव्या कोपऱ्यात, वेताच्या बेटाखाली जे सापडत, ते जवळजवळ सगळे मऊ कातडीचे असत. सामान्य खेळाडूचा चेंडू उजवीकडेच वळत जातो, आणि सामान्य खेळाडू टीव्हीवर विजेत्यांच्या हातात पाहिलेला चेंडू घेतो. तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला.

“हे टेबलावर बोलू नकोस,” तो म्हणाला. “सगळ्यांचे चेंडू सरळ जायला लागले तर मी पाण्यात कशाला उतरू?”

त्यात खोटं काही नव्हतं. तिने तोंड मिटून घेतलं आणि ज्याला जे हवं ते देत राहिली.

तिच्या गिऱ्हाइकांत शाळेत गणित शिकवणारे एक सर होते. निवृत्तीला आलेले, किडकिडीत, खेळाच्या बाबतीत अगदी बेताचे. दर रविवारी ते सातव्या होलला तीन-चार चेंडू पाण्याला अर्पण करत आणि तरी तो महागडाच चेंडू घेत. आपला ओळखू यावा म्हणून प्रत्येकावर हिरव्या शाईचे दोन ठिपके काढत. एकदा टेबलावरचा एक चेंडू उचलून त्यांनी निरखला आणि म्हणाले, हा माझाच दिसतोय. पाणबुड्या म्हणाला, “लेक माहेरी आली होती सर, न्या आता.” सर पोट धरून हसले आणि स्वतःचाच चेंडू विकत घेऊन गेले.

हेच सर वहिनीच्या मुलीला गणित शिकवायचे. खेळ संपला की गुण लिहायच्या कार्डाच्या पाठीमागे चार गणितं लिहून द्यायचे, पुढच्या रविवारी तपासायचे. कधी एका शब्दाने कशाची अपेक्षा केली नाही. मुलगी शिकली आणि दुसऱ्या शहरात एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. सरांसमोर चेंडूंचा ट्रे सरकवताना वहिनीला मनातून ओशाळल्यासारखं व्हायचं. पण एकदा अंगवळणी पडलेलं गप्प बसणं मोडायला निमित्त लागतं, आणि ते काही मिळत नव्हतं.

त्या वर्षी क्लबाची मोठी स्पर्धा दोन दिवस चालली. तळ्यात चेंडूंचा नुसता पाऊस पडला. सोमवारी मैदान बंद होतं, आणि मंगळवारी पाण्यातलं शेवाळ मारायचं औषध टाकणार होते. ते टाकलं की पंधरा दिवस कुणी पाण्यात उतरायचं नाही. म्हणजे हाती एकच दिवस होता.

पाणबुड्याने सकाळी एक खेप केली, जेवणानंतर दुसरी. वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि डाव्या कानात ठणका लागला होता. थर्मासमधला चहा घेत तो म्हणाला, बास आता. वहिनी भरलेले ट्रे पाहत होती. उन्हं अजून झाडांच्या वर होती.

“अहो, उजवा कोपरा राहिलाय,” ती म्हणाली. “खरा माल तिथंच आहे. एक खेप करा की.”

त्याने तिच्याकडे पाहिलं.  कप उपडा घातला, रिकामी पिशवी कमरेला बांधली, गाठ ओढून पाहिली आणि उतरला.

बुडबुडे वेताच्या बेटापर्यंत गेले आणि एका जागी थांबले. बराच वेळ तिथेच येत राहिले. मोठा ढीग लागलेला दिसतो, असं तिला वाटलं, आणि बरंही वाटलं. मग पाणी उसळल्यासारखं हललं आणि बुडबुडे बंद झाले. यंत्र चालूच होतं. तिने नळी ओढली. नळी हलकी लागली, सहज हातात आली, आणि तिच्या टोकाला कुणी नव्हतं.

मैदानाचा मुकादम दूर गवत कापायच्या गाडीवर बसला होता, कानांवर आवाज रोखायचे गोळे चढवून. ती ओरडत धावली ते त्याला ऐकू आलं नाही. गाडीसमोर जाऊन तिने त्याची बाही धरली तेव्हा त्याने गाडी बंद केली. तो आणि दोन माळी पाण्यात उतरले. वेताखाली जुन्या पंपाचा लोखंडी सांगाडा कुणीतरी तसाच सोडून दिला होता. पिशवीची जाळी त्यात अडकली होती. पिशवी भरलेली, गाठ ओली आणि घट्ट. पायाला बांधलेली सुरी म्यानातच होती. सुरीपर्यंत हात का पोचला नाही, हे कुणालाच सांगता आलं नाही. डॉक्टर आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

क्लबाचे सचिव घरी येऊन गेले. पाच मिनिटं मान खाली घालून बसले आणि उठताना एक पत्र ठेवून गेले. पाण्यात उतरणारा स्वतःच्या जबाबदारीवर उतरतो, असं नवऱ्याने सही केलेल्या करारात होतं, हे त्यात सौम्य शब्दांत लिहिलं होतं. पोलिसांनी पिशवी आणून दिली. ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात तीन आठवडे पडून राहिली, चिखलाचा वास मारत. नणंद राहायला आली होती. ती रोज म्हणायची, फेकून दे ते एकदाचं. मुलगी रजा घेऊन आली होती, तीही तेच म्हणायची. दोघी गेल्यावर वहिनीने बादलीत कोमट पाणी घेतलं आणि नेहमीसारखे एकेक करून सगळे चेंडू घासले. जवळजवळ सगळे मऊ कातडीचे होते. त्यांत हिरव्या ठिपक्यांचे अकरा निघाले.

करार वर्षअखेरपर्यंत होता, म्हणून ती पुन्हा टेबलावर जाऊन बसली. शिल्लक माल होता, आणि घरात बसून भिंतींकडे पाहण्यापेक्षा ते बरं होतं. लोक अवघडल्यासारखे पुढे येत, काहीतरी उचलत, घाईने निघून जात. तिसऱ्या रविवारी सर आले.  त्यांनी सवयीने महागड्या ट्रेकडे हात नेला.

वहिनीने ट्रेवर हात ठेवला. “सर, हा चेंडू तुम्हाला मानवत नाही.”

त्यांना कळेना. मग तिने सगळं सांगितलं. गाभा, कवच, कातडी, उजवा कोपरा. त्यांचा हात वयाने मंदावलाय, तेव्हा फार कडक गाभ्याचाही नको. दोन थरांचा, जरा मऊ गाभ्याचा, टिकाऊ कवचाचा घ्यावा, आणि एकदा ठरला की दर आठवड्याला बदलू नये. तिने तीन जातींचे चेंडू काढले आणि त्यांना सरावाच्या हिरवळीवर नेलं. आधी लांब मारू नका, म्हणाली, आधी भोकाजवळ ढकलून बघा, काठीवर कसा लागतो ते बघा, मग थोडं लांबून उचलून टाका. लांबचा फटका सगळ्यात शेवटी. सर तपासणीला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यासारखे ती सांगेल तसं करत गेले. दुसरा चेंडू त्यांना बरा वाटला. तो घेऊन ते सातव्या होलला उभे राहिले आणि मारला. चेंडू फार लांब गेला नाही. पण वळलाही नाही. पाण्याच्या डाव्या अंगाने जाऊन पलीकडच्या उतारावर गवतात पडला.

सर तिच्याकडे वळले.

“हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“सतरा वर्षं झाली.”

“मग मला कधी सांगितलं नाही?”

“सांगितलं असतं तर आम्ही काय खाल्लं असतं, सर?”

सर खाली बघून हातमोजा काढू लागले. तो निघेना, घामाने चिकटला होता. त्यांना पिशवीबद्दल कुणाकडून तरी कळलं असावं, कारण थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, त्या पिशवीत माझे होते का? ती हो म्हणाली. किती? तिने आकडा सांगितला.

“म्हणजे माझ्यासारख्यांच्या हौसेपायी गेला तो,” सर म्हणाले.

 त्या क्षणी तिने मान डोलावली असती तरी चाललं असतं. नणंदेपासून सचिवांपर्यंत प्रत्येकाने तिला दोष ठेवायला कुणी ना कुणी पुढे करून दिलं होतं. कुणी पंपाचा सांगाडा, कुणी क्लब, कुणी नशीब.

“तुमचा नाही दोष,” ती म्हणाली. “ते बास म्हणाले होते. मी परत पाठवलं.”

हे तिने मुलीलाही सांगितलं नव्हतं. सर धीराचे शब्द शोधायला गेले नाहीत, हे तिला बरं वाटलं. ते तिच्याबरोबर टेबलापर्यंत चालत आले आणि दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत शेजारी उभे राहिले.

त्यानंतर जो येईल त्याला ती खरं सांगू लागली. तुमचा हात जलद आहे, तुम्हाला हा चालेल. तुम्ही हौसेने घेताय, नका घेऊ. काही जणांना राग आला. आपण सामान्य आहोत हे एका चेंडूवाल्या बाईकडून ऐकून घेणं सगळ्यांनाच जमत नाही. पण बऱ्याच जणांनी ऐकलं. क्लबाच्या दुकानात महागड्या चेंडूंचे डबे पडून राहू लागले, तेव्हा दुकानवाल्याने सचिवांच्या कानावर घातलं. वर्ष संपलं, करार पुढे झाला नाही. तळ्याचं काम एका बाहेरच्या कंपनीला मिळालं. त्यांचं यंत्र काठावरूनच जाळं ओढतं, माणूस पाण्यात उतरत नाही. हे यंत्र काही नवं नव्हतं. मुकादम म्हणाला, सहा वर्षांपूर्वीच त्यांचा माणूस विचारायला आला होता, पण पाणबुड्या स्वस्तात पडत होता.

वहिनी आता एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी निवडते. डागाच्या वेगळ्या, फाटलेल्या वेगळ्या, पुन्हा वापरता येतील त्या वेगळ्या. बोटांना सवय आहे, त्यामुळे काम जड जात नाही. सरांनी पुढच्या पावसाळ्यानंतर खेळणं सोडलं. गुडघे दुखतात, असं त्यांनी कळवलं होतं.

मुलीला तिने शेवटी सांगितलं, स्वयंपाकघरात, दोघी भाजी चिरत असताना. मुलीने ऐकलं, सुरी खाली ठेवली आणि दुपारच्याच गाडीने परत गेली. सात महिने तिचा फोन आला नाही. मग एका रविवारी आला. आता दर रविवारी येतो. गोळ्या घेतेस ना, असं ती विचारते. तिकडे थंडी आहे की ऊन आहे ते सांगते. मध्येच दोघी गप्प होतात, तेव्हा पलीकडे तिच्या खोलीतला पंखा ऐकू येतो. मग ती ‘ठेवते गं’ म्हणते आणि ठेवते.