गरम नालीकाठचे वाफे

इंदूरची थंडी बेताचीच, असं बाहेरचे लोक म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. एका पहाटेत उभी बाग काळी पडलेली मी पाहिली आहे.

आमच्या मिलच्या क्वार्टरांमागून एक नाली वाहायची. बॉयलरचं गरम पाणी तिच्यातून बाहेर पडे आणि हिवाळ्यात सकाळी तिच्यावर वाफ तरंगत असे. नालीच्या दोन्ही काठांना लोकांनी वाफे केले होते. सगळ्यांत मोठे बाबांचे. पावसाळ्यात गिलकी, भेंडी, दिवाळीनंतर मेथी, पालक, टोमॅटो आणि बटले, म्हणजे मटार, उन्हाळ्यात काकडी. बाबा मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. पाळी सुटली की तेच कोमट पाणी बादलीने काढून झाडांना घालत. जानेवारीत देपालपूरकडची शेतं थंडीने करपत, आमच्या टोमॅटोंना काही होत नसे. बाबांच्या हाताला गुण आहे, असं सगळ्या क्वार्टरांत मानलं जाई. थंडीच्या भाजीचं पहिलं बी प्रत्येकाच्या वाफ्यात बाबांनीच टाकायचं, असा रिवाजच पडला होता. बायका वाटीत बिया घेऊन दारात येत. बाबांना ते फार आवडायचं. मलाही त्यांचा अभिमान वाटायचा, हे कबूल करते.

मग मिल बंद झाली. कुणी समोर येऊन दोन शब्द बोललं नाही. एका सकाळी गेटला कुलूप, आणि चौकीदार म्हणाला, "साहब लोगों को मालूम." देश आता खुला होतोय, असं रेडिओवर रोज सांगत होते, आणि आमच्या गेटला कुलूप! अजून आठवलं की अंगाची आग होते.

त्याच वर्षी हिवाळ्यात मामाने पिथमपूरच्या एका कारखान्यात बाबांसाठी नोकरी पाहिली. राहायला खोलीही मिळणार होती. फक्त सोमवारी हजर व्हायचं.

"मिल खुलेल दोन महिन्यांत," बाबा म्हणाले. "तब तक भाजी आहे ना आपली. टमाटर फुलावर आलेत, आत्ता कसा निघू?"

"भाजीवर घर चालतं का हो?" आईने विचारलं.

"माझ्या हातावर भरोसा नाही तुला?"

सोमवार आला तसा गेला. नोकरी दुसऱ्याला गेली.

नाली केव्हाच आटली होती. बाबा नळाचं पाणी घालत राहिले. जानेवारीत एका सकाळी दार उघडलं, तर टोमॅटोची झाडं शिजवून काढल्यासारखी लोंबत होती. बटल्याच्या शेंगा पांढऱ्या पडल्या होत्या. शेजारच्यांचे वाफेही तसेच. सगळे जमले. बाबा एकेक पान बोटांत चोळून बघत होते आणि म्हणत होते, "बीच खराब निघालं यंदा."

मी सतरा वर्षांची होते. कॉलेज सोडून शिवणकामाला बसायचं, हे आदल्याच दिवशी घरात ठरलं होतं. मी सगळ्यांसमोर ओरडले, "बी नाही खराब, बाबा! तुमच्या हातात कधी काही नव्हतंच. मिलच्या गरम पाण्याने जगत होती भाजी. आणि तिच्यापायी तुम्ही नोकरी घालवली!"

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात, म्हणून तर माझीच मला जास्त चीड येते. ज्यांनी कुलूप लावलं त्यांना तोंडावर सुनावायची कुणाची हिंमत झाली नाही. माझी झाली, ती बाबांवर.

मिल खुलली नाही. पुढच्या दिवाळीनंतर शेजारच्या काकू सवयीने मेथीचं बी घेऊन आल्या. त्यांनी वाटी पुढे केली. "भाऊजी, चार दाणे टाकून द्या ना तुमच्या हाताने."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हिला द्या," ते म्हणाले. "हिला सगळं समजतं."