एक कान ऐकायला

“कान बघ पोरी, पर केसाला हात लावू नगंस.”

खुर्चीत बसण्याआधी ते हे एवढं बजावून घेत. मग डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवत. दोन्ही कानांतून बाहेर आलेले पांढरे झुपके चिमटीत धरत आणि मिशीला पीळ द्यावा तसा हलका पीळ देऊन सोडून देत. सगळं जागेवर आहे याची खात्री झाली की म्हणत, “हां, चालू दे आता.”

मी सांगलीत कानाची मशीनं बसवून देणाऱ्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या कानात डोकावणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तुम्ही एसटीत शेजारच्या माणसाचा चेहरा बघत असाल, मी कान बघते. त्यामुळे पन्नाशीनंतर पुरुषांच्या डोक्यावरचे केस जातात ते कुठे जातात, हे मला चांगलं ठाऊक आहे. कुणाच्या पाळीवर झालर असते, कुणाच्या कानाच्या भोकातून गवत उगवलेलं असतं, कुणाच्या नाकातून दोन तारा बाहेर डोकावत असतात. घरची माणसं रोज बघतात आणि काही बोलत नाहीत. बोलणार तरी कसं? माझ्या ड्रॉवरमध्ये बोथट टोकाची एक छोटी वाकडी कात्री असते. मी विचारते, “कापू का?” आणि माणसं जराशी लाजून हो म्हणतात. आठ वर्षांत ठाम नाही म्हणणारे हे एकटेच.

ते आटपाडीच्या पुढच्या एका वाडीतले. जन्मभर मेंढरं राखलेली, आता मुलं डाळिंब करत होती. सकाळच्या गाडीने येत आणि नंबर लागेपर्यंत आमच्या बाकावर बसून नाकातले केस बोटांनी उपटत. एक केस, एक शिंक. तिसऱ्या शिंकेला शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर जाई. मी त्यांना सांगितलं, “आबा, उपटू नका, आत फोड येईल. मी कात्रीने काढून देते.” त्यांनी लगेच मान वर केली. “घे की समदं. नाकात कुठं नशीब असतंय?”

म्हणजे नशीब कानात होतं. कानावर केस असलेला माणूस भाग्यवान, हे तुम्हीही कुणाकडून तरी ऐकलं असेल. पण भाग्य कानात ठेवून मशीन बसत नाही, ही माझी अडचण. कानाचं माप घ्यायचं तर आत गुलाबी लगदा भरतात, चार-पाच मिनिटांत तो घट्ट होतो आणि बाहेर ओढून काढतात. आत केसांचं जंगल असेल तर केस त्यात अडकतात आणि माणूस खुर्चीतून उठून उभा राहतो. म्हणून मी त्यांना माप न घेता तयार रबरी टोपीचं मशीन दिलं. केसांमुळे ती टोपी नीट बसेना, फटीतून आवाज बाहेर यायला लागला आणि मशीन शिट्टी मारू लागलं.

आठ दिवसांनी ते परत आले. “ह्ये काय दिलंस मला? शिट्टी वाजली की कुत्रं उठून माझ्या तोंडाकडं बघतंय. कुठं जायाचं म्हणून इचारतंय. आन् म्हातारी काय बोलली ते ऱ्हातंयच बाजूला.”

“मग केस कापू द्या.”

“न्हाई.”

“आबा, जन्मात किती मेंढरं कातरली तुम्ही?”

“कुणी मोजल्यात?”

“त्यांनी कधी नको म्हटलं?”

“त्येनला आमी इचारलंच न्हाई. तू इचारतीस, म्हणून न्हाई म्हणतुय.”

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. बाहेर सहा माणसं थांबली होती. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तसाही चढाच लागायचा, की मग तुम्हाला मशीन हवंय तरी कशाला? त्यावर ते पटक्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले आणि मग सांगायला लागले.

त्यांच्या बायकोचा आवाज एके काळी टेकडीपल्याड जायचा. ती हाळी द्यायची तेव्हा मेंढरंच काय, पलीकडच्या रानातली माणसंसुद्धा वळून बघायची. “लय बोलायची. मी मुंडासं कानावर वडून बसायचो. आता तिची छाती भरलीया. डाक्तर म्हणतुय, जेवढं दिस हायती तेवढं तिचं. आवाज उंबऱ्याभाईर येत न्हाई. आन् मी हितं ठार बहिरा. ती माझ्याकडं बघून व्हट हलवती आन् मी नुसतं व्हय व्हय म्हणतुय.”

“मग कापू की केस,” मी म्हटलं.

“त्येच तर न्हाई जमत. तिच्या बापानं माझ्या कानावरचं केस बघून पोरगी दिली मला. दुसऱ्या स्थळाकडं मेंढरं आमच्या दुप्पट हुती. पर त्यो म्हणला, पोरगं नशीबवान हाय, कान बघा त्येचं. ज्या केसानं ती घरात आली त्येच आता कापायचं? आन् ती अशी असताना?”

मी टोपी एक माप मोठी लावून दिली. शिट्टी थोडी कमी झाली, एवढंच.

पुढच्या महिन्यात ते बायकोला घेऊन आले. मुलाने तिला सांगलीच्या दवाखान्यात दाखवायला जीपमधून आणलं होतं, आणि तो औषधं आणायला गेला तेवढा वेळ दोघं आमच्या दुकानात बसली. म्हातारी एवढीशी होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, श्वास घेताना खांदे वर जात होते. ती माझी खुर्ची, मशीनं, भिंतीवरचं कानाचं चित्र, सगळं बारकाईने बघत होती. मग तिने मला बोटाने जवळ बोलावलं.

“कापू देत न्हाई व्हय?” तिचा आवाज खरोखरच उंबऱ्याच्या आतला होता. मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

“नाही म्हणतात. तुमच्या वडिलांनी केस बघून तुम्हाला दिलं म्हणे.”

म्हातारी हसली. हसताना तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत मी तिचा हात धरून उभी होते. “माझा बा रातआंधळा हुता,” ती म्हणाली. “ही मानसं आली तवा दिवं लागलं हुतं. त्येला दाराची चौकट दिसत न्हवती, केस कुठनं दिसायचं? मीच आईला म्हणलं, मला ह्येच पायजे. मग बापानं चार लोकांत काय सांगावं? म्हणला, कान बघा.”

आबा समोर बसून आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. “काय म्हणती ती? दुखतंय का तिला?”

मी सांगायला तोंड उघडलं. म्हातारीने माझं मनगट दाबलं. “तू नगं सांगूस. मी सांगनार हाय. इतकी वरसं ऱ्हाऊन गेलं. त्येला ऐकू येऊ दे फकस्त.”

मग तिने हात पुढे करून कात्री मागितली. मी दिली. आबांना ऐकू काही आलं नाही, पण दिसलं सगळं. ते खुर्चीत मागे सरकले. बायकोकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं. म्हातारीने एक बोट वर केलं. एकच कान.

“एकच हां,” ते मला बजावून म्हणाले, जणू कात्री माझ्याच हातात होती. “एक ऐकायला, एक राखणीला.”

कात्रीचं टोक आत जाऊ नये म्हणून मी तिचं मनगट खालून धरलं. उजव्या कानातले केस तिने कापले, हळूहळू, मध्ये दोनदा दम खाऊन. आबांनी डोळे गच्च मिटले होते. माप घेऊन झाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी डावा हात डाव्या कानाकडे नेला आणि तिथला झुपका चाचपून बघितला.

त्या मापावरून कानात बसणारा साचा पुण्याहून तयार होऊन यायला दहा-बारा दिवस लागतात. त्या वेळी मी दोनदा फोन केला, लवकर पाठवा म्हणून. असं मी कुणासाठी करत नाही. साचा आला, ते एकटेच येऊन बसवून घेऊन गेले. शिट्टी अजिबात नव्हती. मी मागे जाऊन हळू आवाजात विचारलं, “आबा, चहा घेणार?” ते वळून म्हणाले, “साखर कमी.”

त्यानंतर तीनेक आठवडे त्यांचा पत्ता नव्हता. एक दिवस दारात उभे राहिले, पटका काढला आणि माझं लक्ष नेहमीप्रमाणे आधी कानांकडे गेलं. दोन्ही कान साफ होते.

मी काही विचारायच्या आत ते खुर्चीत बसले. “गेली,” म्हणाले. “पर सांगून गेली.”

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

“सांजचं च्या पीत हुतो. म्हणली, बा रातआंधळा हुता, मीच तुमाला पसंत केलं. मी म्हणलं, फिरून बोल. फिरून बोलली. रोज सांजला तेवढंच बोलायला लावायचो तिला. दम लागायचा, तरी बोलायची.” ते हसायला लागले आणि हसता हसता पटक्याने डोळे पुसले. “आन् मी येडं, जनमभर कान सांबाळत बसलो. दुसरा बी तिनंच कापला. म्हणली, आता ठिवून काय करायचं?”

बाहेर माणसं थांबली होती. थांबू दिली. मी मशीन पुसलं, बॅटरी बदलली, साच्याचं भोक साफ केलं. त्यातलं काहीच करायची गरज नव्हती. मला फार वाईट वाटत होतं, आणि हाताला काम हवं होतं.

जाताना ते दारात थांबले. “केस परत येत्यात व्हय गं?”

“येतात, आबा. महिन्या-दीड महिन्यात.”

“मग आलं की तू काढ. ती न्हाई आता काढायला.”

त्याप्रमाणे ते येत राहिले. खुर्चीत बसत, पटका मांडीवर ठेवत आणि आधी उजवा कान पुढे करत, मग डावा. केसाला हात लावू नको, हे आता म्हणत नसत. मी कापत असताना डोळे मिटून अगदी शांत बसत. एकदा मी विचारलं की घरी आता मशीन घालता का, तर म्हणाले, “सांजला घालतो.”

गेल्या दिवाळीपासून ते आलेले नाहीत. मुलाचा नंबर आमच्याकडे आहे, एक फोन केला तर कळेल. मी अजून केलेला नाही. केस वाढायला महिना-दीड महिना लागतो. तेवढी वाट बघते, आणि मग आणखी तेवढीच.