ढिलं सॉकेट

रविवार, ९ मार्च १९८६, घाटकोपर. हजर: मी, माझी मुलगी, वाद्यांच्या दुकानातले काका आणि आत गल्ल्यावर मालक. मुलीची नवी गिटार घेऊन उन्हातून पुन्हा एक फेरी.

काका तक्रार ऐकताना मान हलवतात; ती होकाराची की नकाराची, ते अजून मला कळलेलं नाही. गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्यांची टोकं बोटांना लागतात, असं मी सांगितलं.

"ताई, नवी चप्पल चावते ना? तसंच हे," म्हणत त्यांनी तिथून बोट फिरवलं आणि पटकन हात खिशात घातला.

"काका, चप्पल चावली का?" मुलगी म्हणाली.

ते हसले नाहीत. दुसरी तक्रार मोठी होती. वायर लावायचं सॉकेट ढिलं असल्याने स्पीकरमधला आवाज मध्येच जातो, आणि पुढच्या महिन्यात चौदा एप्रिलच्या जयंतीला तिला स्टेजवर वाजवायचं आहे. काकांनी वायर खुपसली आणि मुलीचं अख्खं गाणं वाजवून संपेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.

"येतोय ना आवाज?"

"मग स्टेजवर पण तुम्हीच धरा," मुलगी म्हणाली.

"धरीन की," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. ती गिटार पिशवीत भरायला लागली, तेव्हा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मालकांना नका सांगू, ताई. ही मीच तपासून दिलीय."

गिटार बदलूनच घ्यायची, असं ठरवून मी घरून निघाले होते. मालकांना नमस्कार करून बाहेर पडले. सॉकेट कोणाकडून तरी घट्ट करून घ्यायचं राहिलं आहे.