समुद्रकाठचा दहीभात

कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही तिघं मित्र कधी गावाबाहेर पडलो नव्हतो. त्या वर्षी बोंडअळीनं वेचायला काही ठेवलंच नाही, म्हणून पाँडिचेरी पाहायला निघालो. घाटंजीच्या बसस्टँडवर एकानं टोमणा मारला, "पीक बुडालं अन् हे समुद्र पाहाले चालले!" मग काय घरात रडत बसायचं होतं? मी त्याच्याशी भांडणारच होतो, पण मित्रांनी ओढून बसमध्ये बसवलं. प्रवासात कापसाचं नाव काढायचं नाही, असं ठरलं.

आणि खरंच मजा आली. फ्रेंचांच्या काळातली पिवळी घरं पाहिली, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिलो. आमच्यातला थट्टेखोर तर प्रत्येक लाटेला शिव्या देत मागं पळायचा.

दुपारी समुद्राजवळच्या खानावळीत केळीच्या पानावर शेवटी दहीभात वाढला. थट्टेखोर एकदम उठला. तो भात ओंजळीत घेऊन बाहेर गेला. मीही मागोमाग गेलो. समोरच्या झाडाच्या बुडाशी तो चिमूट चिमूट भात शिंपडत होता. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी वावरात असाच दहीभात शिंपडतात. सीतादही म्हणतात त्याला.

रस्त्यावरचे लोक पाहायला लागले, तसा मी चिडलो. "अबे, इथं कायले?"

हात झटकत तो म्हणाला, "मंग कुठं करू? वावरात तर नांगर फिरवून आलो."