पायाळूचा पाय आणि शैलजाताईंचा फोटो

मंडळी, डॉक्टर शैलजाताईंना साठ वर्षं पूर्ण झाली, त्यांच्या गौरवग्रंथात तुम्हीही लिहा, असा समितीचा निरोप आला. एवढ्या शिकलेल्या लोकांच्या ओळीत माझं नाव! माझी शाळा दुसरीपर्यंत. पण ताईंचं काम पाठीच्या कण्याचं, आणि त्या कण्याशी माझाही संबंध होता, तो आधी सांगते.

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या हसनाबादेत कुणाला उसण भरली की तो पायाळूकडे येतो, पालथा पडतो, आणि पायाळूनं त्याच्या पाठीला तीनदा पाय लावायचा. शेजारच्या म्हातारीला लावला, तर ती म्हणाली, "सुनेला सांगू नको गं, तिला बी लाथ मारायची हौस यायची." असो. विषय ताईंचा आहे.

ओळख झाली ती माझ्या पोरामुळे, रामकिसनमुळे. कापसानं भरलेल्या ट्रॉलीवरून तो पाठीवर पडला. उठून बसला आणि म्हणाला, "माय, पाठ धरली. जरा पाय लाव ना." मी त्याला पालथा निजवला आणि पाय लावला. तिसऱ्या वेळी तो ओरडला. मंग म्हणाला, "माय, पाय कुठं गेले माझे?" त्याला मांडीखालचं काही कळत नव्हतं.

जीपमध्ये बाज टाकून औरंगाबादला नेला. तिथल्या एमआरआयच्या खोलीत शैलजाताई होत्या. मूळच्या बदनापूरच्या, बोलणं आपल्यासारखंच. हे मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक, आत धातू चालत नाही. रामकिसनच्या करदोड्यात चांदीचा ताईत होता, गाठ सुटेना. कात्री पाहून मी आडवी झाले. "ताई, कापू नका. जित्या माणसाचा करदोडा कापत न्हाईत." बाहेर दहा माणसं खोळंबली होती. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी काळा दोरा मागवला. "मावशी, आधी नवा बांधू, मंग जुना काढू. कंबर रिकामी राहायची न्हाई. बराबर?" दोरा त्यांनी स्वतःच्या हातानं बांधला.

आत कापसाच्या जिनिंगसारखा खडखडाट चालू होता. मी बाहेर बसून ताईंपाशी सगळं कबूल केलं. पाय लावला, तीनदा लावला, पोराला मीच अधू केलं का, ते सांगा.

ताईंनी मला आत नेऊन काचेवर फोटो दाखवला. मणक्यांच्या मधून एक दोरी जाते, तिला त्या मज्जारज्जू म्हणतात. एका जागी मणका दबून दोरीत घुसला होता आणि तिथं पांढुरकं दिसत होतं. "ही सूज आहे. रक्त साकळलेलं दिसत न्हाई, म्हणून आशा आहे. शब्द देत न्हाई." आणि माझा पाय? त्या म्हणाल्या, "मार दिसतो, मावशी. कशाचा किती, ते फोटोत दिसत न्हाई." खोटा धीर दिला नाही, दोषही ठेवला नाही. त्यांचा हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो.

ऑपरेशन झालं. ताई ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा फोटो काढत आणि जुन्याशेजारी नवा लावून बघत. असे कितीतरी पडलेल्यांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं जुळवून पाहिले. चौथ्या महिन्यात रामकिसनचा अंगठा हलला. पुढं तो काठीवर चालू लागला. त्याची मुलगी तेव्हाच पाय टाकायला शिकत होती. दोघांत आधी कोण पडतं, यावर आम्ही घरात पैजा लावायचो.

मी पाय लावणं सोडते म्हणाले, तर ताई म्हणाल्या, "सोडू नका. लोक माझ्याआधी तुमच्याकडं येतात. तुम्ही फक्त विचारा." तेव्हापासून मी विचारते: पडला का? पायाला मुंग्या येतात का? लघवीचं कळेनासं झालं का? एकाला जरी हो आलं, तर पाय लावायचा नाही, उठवायचं नाही. फळीवर सरळ निजवून ताईंकडं. पिंपळगाव रेणुकाईचा एक गडी माझ्यावर चिडला होता, "लाथ मागायला आलो, तर ही दवाखाना सांगून राह्यली!" तरी ताईंकडं गेला, आणि आज नांगर धरतो.

गेल्या वर्षी ताई घरी आल्या. जन्मभर फोटो बघत बसून कंबर धरली होती. अंथरायची पोथरी टाकून पालथ्या पडल्या. "मावशी, पडले न्हाई, मुंग्या न्हाईत, तिसऱ्याचं बी उत्तर बरं आहे. लावा." मी म्हणाले, "बिलकुल न्हाई. आधी फोटो." रामकिसन काठी टेकून हसत होता. पुढच्या खेपेला त्यांनी खरंच स्वतःचा फोटो आणला. मणके ठीक होते. तेव्हा मी लावला, हळूच, तीनदा, आणि पाय लागला म्हणून वाकून त्यांना नमस्कार केला.

वय झालं की पाठ वाकते. ताईंची फार उशिरा वाको, रेणुकामाय त्यांना भरपूर वर्षं देवो. माझा पाय अजून चालतो. दुखलं तर त्यांनी केव्हाही यावं. फोटो घेऊन.